कुणाला सांगू नकोस

अहिरे सर जाऊन अठरा दिवस झाले, तरी कुसाबाईंच्या दारातला चपलांचा ढीग कमी होत नव्हता.

सातपूर कॉलनीतलं ते दोन खोल्यांचं घर माणसांना सरावलेलं होतं. सरांनी अडतीस वर्षं कॉलनीच्या मैदानावर पोरींना हॉकी शिकवली. नोकरी कारखान्यात, टर्नरची. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर त्यांना कुणी टर्नर म्हणून ओळखत नव्हतं, की सावळीराम म्हणूनही नाही. सगळ्यांचे ते सर. पहाटे मैदान, मग पाळी, पाळी सुटली की पुन्हा मैदान. सायकलच्या दांडीला स्टिकांची मोळी बांधलेली, गळ्यात शिट्टी, आणि मागं कॅरिअरवर घरी न्यायची मेथीची जुडी. निवृत्त झाल्यावर पाळी गेली, मैदान राहिलं. त्या मातीवरून उठून पोरी राज्याच्या संघात गेल्या, रेल्वेत लागल्या, पोलिसात लागल्या, शाळांमध्ये खेळाच्या बाई झाल्या.

आता त्या सगळ्या येत होत्या. कुणी ड्यूटीवरून तशीच गणवेशात, कुणी सुनेला सोबत घेऊन. फोटोपुढं उभ्या राहत, हुंदका फुटे, आणि मग त्या कुसाबाईंच्या गळ्यात पडत. कुसाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत, "उगी बाई, उगी." दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. नवरा आपला गेला आणि समजूत आपणच लोकांची घालतोय, हे त्यांच्या लक्षात पाचव्या-सहाव्या दिवशी आलं. पण त्याचं नवल वाटायलाही अंगात त्राण लागतं. ते नव्हतं.

रडणं ओसरलं की तो प्रश्न यायचा. आधी पदरानं नाक पुसलं जायचं, मग मान वर व्हायची.

"काकू, दोन वर्षं सरांचं डायलिसिस चालू होतं म्हणे. आणि आम्हाला एका शब्दानं कळवलं नाही?"

कुसाबाई म्हणत, "राहून गेलं."

दुसरं त्या काही म्हणत नसत. ऐकणारीला ते पटत नसे हे त्यांना दिसायचं. दोन वर्षं कसं राहून जाईल? भाजीत मीठ टाकायचं राहून जातं.

राहून काही गेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरांनी कागद पुढं सरकवून सांगितलं, दोन्ही किडन्या दमल्यात, आता आठवड्यातून तीन दिवस यंत्रावर. सर मुकाट्यानं उठले. बाहेर येऊन रिक्षा केली. त्र्यंबक रोडच्या सिग्नलला ती थांबली तेव्हा म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

"कुणाला म्हणजे?"

"कुणालाच. उज्वलाला कळू दे, ती पोटची पोर. बाकी कुणाला नाही. निसारलाही नाही."

"निसारभाईंना नाही? अहो, तुमचा श्वास हलला तरी त्यांना कळतं."

"म्हणून तर. त्याला कळलं की मैदानाला कळलं. मैदानाला कळलं की भुसावळ, मालेगाव, मुंबई सगळीकडे. पोरी धावत सुटतील. कुणाची नोकरी, कुणाची सासू अंथरुणावर. आणि एखादी वेडी म्हणेल, माझी किडनी घ्या. ते मला चालणार नाही." मग थोड्या वेळानं, रस्त्याकडं बघत, "त्यांनी मला उभं बघितलंय, कुसा. आडवं बघायला नको."

कुसाबाई तेव्हा भांडल्या. घरी जाऊनही भांडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांनी त्यांचा हात हातात धरला आणि शब्द घेतला. चाळीस वर्षांत त्या माणसानं त्यांच्याकडं स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं. त्यांनी शब्द दिला.

शब्द द्यायला क्षण लागला. पाळायला दोन वर्षं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे उठून डबा, मग रिक्षा, मग दवाखान्यातला लांबलचक बाक. आत चार तास यंत्र चाले, बाहेर कुसाबाई बसत. दिवसभरात सरांना लिटरभरच पाणी प्यायची मुभा, म्हणून एक बाटली भरून ठेवलेली असे. त्या बाटलीकडं ते ज्या नजरेनं बघत ते कुसाबाईंना सोसवत नसे, म्हणून त्याही त्यांच्यासमोर पाणी पीत नसत. मोरीत जाऊन पीत. हातावर सुयांच्या जागा फुगून आल्या होत्या. त्या झाकायला सर ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. मंगळवार, गुरुवार, शनिवार मैदानावर खुर्ची टाकून बसत आणि विचारणाऱ्याला सांगत, "गुडघा. वयाचा गुण, दुसरं काय."

फोन यायचे. यंत्राला जोडलेले असताना, एका हातानं फोन कानाला लावून, सर खणखणीत आवाजात बोलत, "हां पूजा, बोल. आत्ताच मैदानावरून आलो बघ. तुझी बदली झाली का गं?" एकदा कुसाबाई आत डोकावल्या तेव्हा नर्स बाई जवळच उभी होती. तिनं कुसाबाईंकडं असं बघितलं की त्यांची मान खाली गेली.

कुणी अवचित घरी आलं तर कुसाबाईच दारात उभ्या राहून सांगत, "हे देवळ्याला गेलेत, माझ्या बहिणीकडं." आयुष्यात कुणाला साधी थाप मारली नाही ती बाई सराईतासारखी खोटं बोलायला लागली. देवळ्याच्या बहिणीला, अक्काबाईला, याचा पत्ताच नव्हता. ती बिचारी फोनवर आपली अहिराणीत विचारायची, "कशी शेस तू? दाजी कसा शेत?" आणि कुसाबाई म्हणत, "बरा शेत."

हे सगळं एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. "यांनीच नको म्हटलं होतं." पण तेवढं वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

उज्वला तेराव्यानंतर चिंचवडला परत गेली होती. लेकीची परीक्षा होती. फोनवर ती चिडायची. "आई, सांगून टाक ना. बाबांनीच शपथ घातली होती म्हणावं. आता ते गेले. गेलेल्या माणसाला दिलेला कसला शब्द?"

"गेलेल्याला नाही दिला. जिता होता तेव्हा दिला."

"मग ऐकत बस लोकांचं."

"बसते."

"आणि सामान बांध. इकडं ये माझ्याकडं. एकटी काय करतेस तिथं?"

"बघू," कुसाबाई म्हणत, आणि फोन ठेवून तिथंच भिंतीला डोकं टेकत. डोळा लागेलसं वाटे तोवर बेल वाजे.

सगळ्यांत जिव्हारी लागत होतं ते निसारभाईंचं. निसारभाई सरांचे तरुणपणापासूनचे दोस्त. भद्रकालीत त्यांचं सायकलचं दुकान, तिथंच ते मोडक्या स्टिका जोडून देत. मैदानावर पंच तेच, माती सपाट करणारे तेच, पडलेल्या पोरीच्या गुडघ्याला हळद लावणारेही तेच. सर गेल्यापासून ते रोज येत, पण घरात पाऊल टाकत नसत. बाहेर पायरीवर बसत. कुसाबाईंनी चहाचा कप पुढं केला तर घेत, खाली बघून पीत, कप पायरीवर ठेवत आणि निघून जात. एरवी "भाभी, भाभी" करून घर डोक्यावर घेणारा माणूस. तोही नुसता विचारता झाला असता, तर बरं झालं असतं.

अठराव्या दिवशी पूजा आली. भुसावळहून, रात्रपाळी करून. पूजा रेल्वेत तिकीट तपासनीस होती. तिच्या अर्जाचे कागद सरांनी स्वतः मुंबईला नेऊन दिले होते. ती आली, फोटोला हार घातला, आणि रडली नाही. खाली सतरंजीवर ताठ बसली.

"काकू, मी विचारणार होते. म्हणजे विचारू नये, पण राहवत नाही. माझा रक्तगट सरांचाच आहे. मी किडनी दिली असती."

"ठाऊक आहे गं मला."

"ठाऊक होतं तरी सांगितलं नाहीत?"

"राहून गेलं."

पूजानं त्यांच्याकडं बघितलं. नजरेत दुःख होतं, पण त्याच्यावर दुसरंही काही होतं. "घरचं माणूस तुमचं होतं, काकू. कबूल. पण सर आमचेपण होते. शेवटचं भेटायचा हक्क आमचापण होता. तो तुम्ही घेतलात."

कुसाबाई उठून चहा टाकायला आत गेल्या. साखरेच्या डब्याचं झाकण उघडत असताना बाहेरचं बोलणं ऐकू आलं. पूजा शेजारी बसलेल्या एका बाईला सांगत होती, हळू आवाजात, पण दोन खोल्यांच्या घरात हळू असं काही नसतं.

"काकूंना पहिल्यापासूनच आवडायचं नाही आपण आलेलं."

चहा उतू गेला. कुसाबाईंनी गॅस बंद केला आणि ओटा पुसला. मग पुन्हा पुसला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाहेरगावच्या सात-सात पोरी या घरात झोपायच्या. कुसाबाई एकेकीला तीन-तीन भाकरी वाढत. कुणाची पाळी अवचित आली तर जुनं लुगडं फाडून देत. मैदानाच्या मातीनं लाल झालेले मोजे दगडावर घासून घासून बोटांची सालं जात. हे सगळं त्यांनी केलं होतं, आणि तरीही पूजा म्हणाली ते पुरतं खोटं नव्हतं. कधी कधी नको व्हायचं. उज्वला तापानं फणफणलेली आणि हा माणूस दुसऱ्याच्या पोरीच्या बुटांचं माप घेत बसलेला, असंही झालं होतं. नको व्हायचं, आणि तरी कणीक भिजवायच्या. पोरींना ते कळत असेल असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

रविवारी श्रद्धांजली सभा ठेवली होती, मैदानावरच. सकाळी दहाची वेळ. डिसेंबरची थंडी अजून उतरली नव्हती. लोक मांडवाच्या सावलीत न बसता खुर्च्या ओढून उन्हात बसत होते. पुढं टेबलावर सरांचा मोठा फोटो. कुसाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं. थकव्यानं त्यांना लोक जरा लांबून दिसत होते, काचेपलीकडून दिसावेत तसे.

वॉर्डातले एक पुढारी तासभर उशिरा आले. सर "क्रीडामहर्षी" होते असं म्हणाले, त्यांच्या नावानं काहीतरी करू असं म्हणाले आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. मग एकेक जण बोलायला उठला. सरांची शिस्त, सरांचा साधेपणा. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की सर पोरींना पाटाच्या कडेनं पळवत, आणि स्वतः सायकलवरून मागं. हरलेल्या सामन्यानंतर कधी ओरडले नाहीत, जिंकल्यावर मात्र चुका काढत बसत. कुसाबाई ऐकत होत्या. हे सगळं खरं होतं. पण त्यांना सारखं वाटत होतं, हा माणूस ओळखीचा आहे, आणि तरी कुणी दुसराच आहे.

शेवटी निसारभाई उठले. माईकपाशी गेले आणि घसा साफ केला.

"मी एक गोष्ट सांगणार आहे," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षं पोटात ठेवलीय. आज तो नाही, म्हणून सांगतो. अठ्ठ्याण्णव साली सावळीरामला पत्र आलं. राज्याच्या सीनिअर संघाला सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. पुण्याला दोन महिने शिबिर, मग संघाबरोबर पुढं. पत्र घेऊन तो माझ्या दुकानात आला. मी पत्र तीनदा वाचलं. भजी मागवली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. तिथून पुढचं दार कुठं उघडतं, सगळ्यांना माहीत आहे."

निसारभाईंनी टेबलावरच्या फोटोकडं बघितलं.

"चार दिवसांनी परत आला. म्हणाला, निसार, नाही म्हणून कळवलं. भाभींचं ऑपरेशन झालेलं, पोर दहा वर्षांची. म्हणाला, दोन महिने घर कुणाच्या भरवशावर टाकू? मी शिव्या घातल्या त्याला. म्हटलं, आम्ही आहोत ना. तर म्हणाला, तुम्ही आहात, पण नवरा मी आहे. आणि वर मला म्हणाला, भाभींना कळू देऊ नकोस, तिच्या जिवाला लागेल." निसारभाईंनी चष्मा काढला. "असा माणूस होता. मैदानावर जितका मोठा, तितकाच घरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग ही श्रद्धांजली सभा आहे हे आठवून थांबले. मागच्या बायका डोळे पुसत होत्या.

कुसाबाई हिशेब लावत होत्या.

अठ्ठ्याण्णव साल. पिशवीचं ऑपरेशन. टाके ओले होते, वाकायला बंदी. ते दोन महिने हा माणूस घरात राबला. भाकरी थापायला शिकला. पहिल्या आठवड्यात ती नकाशासारखी व्हायची, दुसऱ्या आठवड्यात गोल झाली. उज्वलाच्या वेण्या स्टिकच्या मुठीला पट्टी गुंडाळावी तशा करकचून घालायचा, पोर रडायची. आणि एका दुपारी त्यांनीच विचारलं होतं, "पुण्याला कुणाला तरी घेणार होते ना? तुमचं काही कळलं का?" तेव्हा तो म्हणाला होता, "दुसऱ्याला घेतलं."

त्यांनी त्याची समजूत काढली होती! पलंगावर पडल्या पडल्या, त्याचा हात धरून. जाऊ द्या म्हणाल्या, आपलं नशीब. आणि त्यानं मान खाली घालून ती समजूत काढून घेतली होती.

त्यांना आधी भरून आलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. असा राग, की कानांच्या पाळ्या तापल्या. म्हणजे निसारला सांगितलं, भाभीला सांगू नकोस. भाभीला सांगितलं, निसारला सांगू नकोस. प्रत्येकाच्या तोंडाला एकेक कुलूप लावलं, आणि स्वतः फोटोत जाऊन बसला.

सूत्रसंचालक म्हणत होता, "आता आपण दोन मिनिटं उभं राहून..."

कुसाबाई त्याआधीच उठल्या होत्या. कुणाला वाटलं त्यांना चक्कर आली. एक बाई धरायला धावली. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि माईकपाशी गेल्या. माईक उंच होता. निसारभाईंनी तो खाली केला.

"मला बोलता येत नाही," कुसाबाई म्हणाल्या. आवाज मांडवाच्या कापडाला धडकून परत आला, त्या दचकल्या. "निसारभाईंनी सांगितलं ते मला आत्ता कळलं. तुमच्याबरोबरच. मला ठाऊक असतं तर मी त्यांना पुण्याला धाडलं असतं. टाके तुटले असते तरी धाडलं असतं. पण मला विचारलं नाही."

त्यांनी मान वर केली. समोर सगळ्या पोरी. पोरी कसल्या, केस पिकलेल्या बायका.

"आता माझं ऐका. तुम्ही रोज विचारता, आम्हाला का कळवलं नाही. मी म्हणते राहून गेलं. राहून नाही गेलं. रोज आठवत होतं. यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, कुणाला सांगू नकोस म्हणून. तुम्हाला त्रास नको, आणि त्यांना आडवं पडलेलं तुम्ही बघायला नको, म्हणून. मी शब्द पाळला. पण मला तुम्ही हव्या होतात. यांना नसाल, मला हव्या होतात. सकाळी रिक्षा मिळायची नाही. मिळाली तर यांना चढवता यायचं नाही. चार चार तास त्या बाकावर मी एकटी बसायचे. वाटायचं, एवढ्यांना जेवू घातलं, त्यातली एक कुणीतरी शेजारी येऊन बसावी. काही करू नये, नुसती बसावी. पण बोलवायची कशी?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"माणूस चांगला होता. लय चांगला होता. पण हे त्यांनी बरोबर नाही केलं. मी रागावलेय त्यांच्यावर. आणि मी थकलेय. एवढंच."

त्या खाली येऊन बसल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेत सरांचे एक चुलतभाऊ पुटपुटले, "सभेत बोलायची गोष्ट आहे का ही? मेलेल्या माणसाबद्दल!" ते कुसाबाईंनाही ऐकू गेलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. छातीवरचं ओझं एका बाजूनं तरी उचललं गेलं होतं.

सभा कशीबशी संपली. निसारभाई आले आणि त्यांच्या खुर्चीपुढं मातीत उकिडवे बसले.

"भाभी, मला वाटलं तुम्ही मला परकं केलंत."

"मी नाही. तुमच्या दोस्तानं."

निसारभाईंनी मान हलवली. हसू आणि रडू एकदमच आलं त्यांना. "बदमाश," ते म्हणाले. "पहिल्यापासून बदमाश. पास कुणाला देणार ते डोळ्यांतून कधी कळू द्यायचा नाही."

पूजा लांब उभी होती. लोक पांगल्यावर जवळ आली. ताठपणा गेला होता.

"काकू, मी त्या दिवशी वाईट बोलले."

"ऐकलं मी."

"तुमच्या तोंडावरचं नाही. आणखी एक..."

"तेपण ऐकलं. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, बाई." कुसाबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "आणि अगदी खोटंही नव्हतं. कधी कधी कंटाळा यायचा मला तुमचा. पण तुम्ही आला नाहीत की घर ओकंबोकं वाटायचं, हेही खरं."

पूजा आता रडली, अगदी पोरीसारखी. कुसाबाईंनी नेहमीप्रमाणे तिच्या पाठीकडं हात नेला, पण मध्येच कुणीतरी तो हात अलगद धरला.

"तुम्ही नका काकू. तिला रडू दे. ती रडेल तिची तिची. तुम्ही घरी चला."

ती ताहेरा होती. सरांच्या पहिल्या तुकडीतली. वडील सातपूरला कामाला होते तोवर ती इथं खेळली, मग लग्न होऊन मालेगावला गेली आणि तिथल्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायला लागली. सासरे आजारी म्हणून तिला आजवर येता आलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं आली होती. वय पन्नाशीचं, पण चालणं अजून मैदानावरचं. तिनं रिक्षा बोलावली, कुसाबाईंना बसवलं, घरी आणलं, चादर झटकून अंथरली.

"पडा."

"लोक येतील गं आता. सभेहून सगळे इकडंच..."

"येऊ देत. मी आहे."

कुसाबाई आडव्या झाल्या. बाहेर ताहेरानं खुर्ची दारात ओढल्याचा आवाज आला. मग बेल न वाजवता कुणी आलं, ताहेराचं बोलणं ऐकू आलं: "काकू झोपल्यात. नाही, उठवणार नाही. उद्या फोन करून या." पुढचं त्यांनी ऐकलं नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. सहा वाजले असावेत. कुसाबाई घाबरून उठून बसल्या. यांचं औषध! मग आठवलं. त्या तशाच बसून राहिल्या. आतून खिचडीचा वास येत होता.

"काकू, मीठ कुठंय?" ताहेरानं आतून विचारलं. "सगळे डबे उघडून बघितले."

"माळ्यावर. पितळी डब्याच्या मागं."

"एवढं वर?"

"यांना बंद होतं. मग मीपण बंद केलं. समोर दिसायला नको म्हणून वर टाकलं."

ताहेरा स्टुलावर चढली, डबा काढला. दोघी खाली बसून जेवल्या. दोन वर्षांनी जिभेला मीठ लागलं आणि कुसाबाईंनी आणखी थोडी खिचडी वाढून घेतली.

"उद्या माझ्याबरोबर मालेगावला चला," ताहेरा म्हणाली. "आठ दिवस."

"छे गं. तुझे सासरे आजारी, त्यात मी कुठं."

"सासऱ्यांना बघायला घरात पाच माणसं आहेत. तुम्हाला बघायला कोण आहे?"

"उद्या सोमवार," कुसाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सोमवारी आता कुठं जायचं नव्हतं.

त्यांनी मग आणखी कारणं शोधली. तुळशीला पाणी कोण घालेल? निसारभाई घालतील. माणसं भेटायला येतील त्यांचं काय? फोन करतील. शेजारी यंत्रमाग चालतात म्हणतेस, झोप कशी यायची? ताहेरा म्हणाली, "त्या आवाजात माझी पोरं लहानाची मोठी झाली. बंद पडला तरच जाग येते."

कुसाबाईंनी उज्वलाला फोन लावला. ती आधी ऐकूनच घेईना. "मालेगावला? आणि माझ्याकडं यायला बघू, बघू म्हणतेस?"

"तुझ्याकडं आले की तुझ्या पोळ्या लाटीन, तुझ्या पोरीचा डबा भरीन. माझ्यानं बसवणार नाही. ही मला काही करू देत नाही, ताहेरा. आठ दिवस झोपते. मग येते तुझ्याकडं."

पलीकडून उज्वला म्हणाली, "आई, गरम कपडे घे. आणि तिला फोन दे."

सकाळी सीबीएस स्टँडवरून मालेगावची एसटी मिळाली. खिडकीची जागा. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. रस्त्याकडेला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. कुसाबाई शाल लपेटून बघत होत्या. डोकं जड होतं, आणि सगळ्या अंगातून अजून शिणवटा ठिबकत होता. एका झोपेनं जाणारा तो नव्हता.

"काकू," ताहेरा म्हणाली, "सभेत सगळे मैदानावरचंच बोलले. सर घरी कसे होते?"

कुसाबाईंनी विचार केला.

"घोरायचे," त्या म्हणाल्या. "इतके घोरायचे की समोरच्या घरातून तक्रार यायची. आणि कबूल करायचे नाहीत. आंघोळीला गेले की टॉवेल विसरायचे, रोज. चाळीस वर्षं रोज. मी म्हणायचे, एवढ्या पोरींना शिस्त लावता, स्वतः एक टॉवेल नेता येत नाही? तर आतून म्हणायचे, तू आहेस ना."

ताहेरा हसली. कुसाबाईही थोड्या हसल्या. चांदवडचा घाट आला तशी गाडी हळू झाली, आणि त्या पुढं सांगत राहिल्या.